कमलच्या नावाचा पुकारा

११ जून १९९७
कोर्टातून येऊन बसले आहे. पंखा लावायचा राहिला होता, तेही आत्ता लक्षात आलं.
झालं ते लिहिते. दाराशी पट्टेवाला पुकारत होता, "कमल दत्तात्रय, हाजिर है?" तीनदा. मी समोरच्याच बाकावर, मांडीवर पिशवी. मनात आलं, कोण ही कमल, का येत नाही बिचारी. नंतर आत जाऊन विचारलं तर कारकून म्हणाला, अर्जदार गैरहजर, अर्ज काढून टाकला.
अर्जदार म्हणजे मी. लग्नाआधीची. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुलोचना’ लिहिलं, त्यानंतर मला कमल अशी हाक कुणी मारली नाही. आई-नानांनीही नाही. सासरचं नाव तोंडात बसावं म्हणून मुद्दाम. नोकरीत सुलोचनाबाई. पण बेबीची पालक मला नेमावं हा अर्ज तिची बहीण, नानांची मुलगी म्हणून, तेव्हा लिहिणाऱ्यानं आधी कमल घातलं, ‘ऊर्फ सुलोचना’ मागे. पट्टेवाला ऊर्फपर्यंत जात नाही.
बेबी शेजारच्यांकडे होती. घेऊन आले. वरण-भात.

१२ जून
काल लिहिलं नाही ते. माणिकचाही अर्ज त्याच कोर्टात आहे. बेबी आणि तिच्या वाट्याचं परतूरचं शेत सांभाळायला त्याच्याकडे द्यावं म्हणून. बेबीला तो वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात ठेवणार. "तिथं डॉक्टर असतेत अक्का, तुम्ही किती दिवस पुराल?" माझा अर्ज गेला म्हणजे त्याचाच उरला.
चुलतभाऊ. लहानपणी याची मुंज लागली तेव्हा मीच याला मांडीवर घेऊन बसले होते.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कपडे वाळत घातले.

१६ जून
जालन्यात वकील मिळत नाही मला. माणिकचा जावई इथलाच वकील. तिघांनी सांगितलं, ताई, रोज एकत्र चहा असतो, कसं उभं राहायचं? कोर्टात जिन्याखाली मोफत वकील देतात ती खोली आहे. आज तिथे गेले. कारकुनानं उत्पन्नाचा दाखला मागितला. दुसरा म्हणाला, बाईमाणसाला लागत न्हाई तो. पहिल्यानं माझा अर्ज वाचला, मी इंग्रजीत लिहिला होता. म्हणाला, "इतकी फाड फाड इंग्लिश येती, तर तुम्हीच भांडा की मॅडम."
खरंच, कॉन्व्हेंटनं काय काय शिकवलं. काट्यानं मासा खाणं. मासा घरी कधी नव्हताच.

१९ जून
जिन्याखालच्या खोलीतूनच वकील मिळाल्या. सोनकांबळे बाई. डबा खात होत्या. भेंडी. मला म्हणाल्या बसा.
"तुम्ही बाकावरच होत्या? मंग ऐकू कमी येतं असं लिहू?"
मी म्हटलं, नाही, ऐकू चांगलं येतं.
"मंग काय लिहू?"
सांगितलं सगळं. तांदूळ, अंगठी. त्यांनी डब्याला झाकण लावलं. म्हणाल्या, "मला पण सासूनं नवं नाव काढून ठेवलं होतं. वकिलीच्या सनदेवर जुनं होतं म्हणून वाचले." मग म्हणाल्या, हेच लिहू. जसंच्या तसं.

३ जुलै
जज्जसाहेबांनी काढून टाकलेला अर्ज पुन्हा दाखल करून घेतला. वाचताना एकदा माझ्याकडे पाहिलं. जावयानं हरकत घेतली, चालली नाही.
पण आता माणिकनं कोर्टात लेखी म्हणणं दिलंय. सुलोचना नावाची बाई ही कै. दत्तात्रय यांची मुलगी कमल आहे हे त्याला मान्य नाही.
बाहेर व्हरांड्यात त्यानं वाकून पाया पडून नमस्कार केला. "अक्का, च्या घ्या. आद्रक टाकून सांगितलाय."
"माणिक, मी कोण रे?"
"ते वकिलाचं काम असतंय अक्का. मनावर नका घेऊ."
चहा घेतला. का घेतला कुणास ठाऊक. बरा होता.

८ जुलै
वकीलबाई विचारत होत्या, नाव बदलल्याचं गॅझेट केलंय का. कुणी करत होतं का तेव्हा. कॉन्व्हेंटचा दाखला कमलचा, नोकरीचे कागद सुलोचनाचे, मध्ये काही नाही. लग्नातले भटजी गेले, मामा गेले, हे गेले. "तांदळाचं काय झालं?" मी म्हटलं, सासूबाईंनी परत डब्यात ओतले असणार. त्या हसल्या. मीही, वाटतं.
माणिकच्या बाजूचे सोडले तर आता एकटी बेबी जाणते. तिला पुढच्या तारखेला आणायचं, साहेब स्वतः बोलणार तिच्याशी. वकीलबाई म्हणाल्या, "तिनं एकदा कमलताई म्हणलं की बस."
नाना गेल्यापासून बेबी एक शब्द बोललेली नाही, हे त्यांना पुन्हा सांगितलं. "बघू," म्हणाल्या.

२० जुलै
नाना रेल्वेत, त्यामुळे सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुटीला पासावर यायची मी. परतूरला गाडी थांबायच्या आधीच बेबीचा आवाज यायचा. कमलताई आली, कमलताई आली. हमालांनासुद्धा सांगायची. फ्रॉकची गाठ नेहमी सुटलेली.
आज लसूण सोलताना विचारलं, बेबी, माझं नाव काय? तिनं एक पाकळी माझ्या ताटलीत टाकली.

२ ऑगस्ट
रोज विचारत होते. आता बंद. परीक्षा घेतल्यासारखं व्हायला लागलं. तिनं मग माझ्यासमोर बसणंच सोडलं होतं. आज परत येऊन बसली.
तिचा बिछाना खिडकीखाली हलवला. इस्पितळात खिडकी... जाऊ दे.

२५ ऑगस्ट
बेबीला नेलं. केस धुऊन दोन वेण्या घातल्या. पिवळं पातळ. तिला बाकावर बसवलं, माझ्या डावीकडे. माणिक पलीकडे उभा. बेबीला म्हणाला, "काय बेबीताई, ओळखलं का?" तिनं पदर तोंडावर घेतला.
मी तिच्या वेणीतली सुटलेली फीत बांधत होते. बरगडीत तिचं कोपर बसलं. वाटलं, केस ओढले जातायत म्हणून मारते. पुन्हा बसलं, जोरात. मग तिनं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दाराकडे पाहिलं. तेव्हा ऐकू आलं. पट्टेवाला तिसऱ्यांदा पुकारत होता. कमल दत्तात्रय.
उठले.
आत साहेबांनी तिला जवळ बसवून विचारलं, या कोण आहेत? चांगलं विचारलं, हळू. बेबी पंख्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. पंखा. जावई म्हणाला, ओळखत नाही अशी नोंद व्हावी. झाली.
वकीलबाई आधीपासून आत होत्या, त्यांनी बाकावरचं पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर सांगितलं. त्यांनी विचारलं, "माणिकरावांनी बघितलं?" त्यानं बघितलं. मी पाहिलं त्याच्याकडे तर तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकला.

२६ ऑगस्ट
वकीलबाई घरी आल्या होत्या. बेबीनं त्यांना पाणी दिलं. स्वतःहून.
त्या म्हणतात, साहेबांच्या खुर्चीतून दारातला बाक दिसतो. पुढच्या तारखेला पुकारा होईल तेव्हा साहेबांना बाहेर बघायची विनंती करणार. बेबीला तिथंच बसवायचं, डावीकडेच. "आणि तुम्ही उठायचं न्हाई ताई. बिलकुल न्हाई. ती उठवील तेव्हाच."
आणि नाही उठवलं तिनं तर? म्हणाल्या, मंग तिसऱ्या पुकाऱ्याला उठा.
हो म्हटलं. पण आता वेगळीच भीती आहे, तिच्या आधी मीच उठले तर? कॉन्व्हेंटमध्ये हजेरीला मदर ‘कमल’ म्हणायच्या आणि शब्द पुरा व्हायच्या आत मी उभी असायची. आज सकाळी गवळ्यानं रस्त्यात त्याच्या मुलीला हाक मारली, कमल म्हणूनच, आणि माझ्या हातातलं पातेलं खाली ठेवून मी दारापर्यंत गेले होते.
बेबी मागून बघत होती.