देशाचा प्रशिक्षक, ताईचा धाकटा

असुन्सिऑन, मंगळवार

ती. निकासियाताईस,

धाकट्या एलादिओचा नमस्कार. आशीर्वाद असू दे, इथे दुसरं कोणी देत नाही. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्यायली का?

मी बरा आहे, म्हणजे थकलोय. खेळत होतो तेव्हा लाथा फक्त समोरचा संघ घालायचा, त्याही गुडघ्याखाली. राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाल्यापासून अख्खा देश घालतो (वर खांद्यावर हातही ठेवतो). रविवारी हरलो ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. काल दाढ ठणकली म्हणून दंतवैद्याकडे गेलो, तर त्यानं तोंडात यंत्र घालून विचारलं, "डावीकडून कोणाला पळवत का नाही हो तुम्ही?" मी नुसता "आ" केला. तो नर्सला म्हणाला, "बघा, उत्तर नाही!" बाहेर चिपाचे पाव विकणारी म्हातारी त्यातल्या त्यात कनवाळू. दोन गरम चिपा हातात कोंबून म्हणाली, "पैसे राहू दे, पोरा. मयत झालेल्या घराकडून मी घेत नाही."

मग महासंघाचे अध्यक्ष आले, दुपारभर माझ्याच थर्मासातलं गार तेरेरे प्यायले आणि म्हणाले, "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." (हे वाक्य ऐकून आधीच्या प्रशिक्षकानं सामान बांधलं होतं.) तेव्हा ठरवलंय, राजीनामा देतो आणि पिलारला तुझ्याकडे येऊन नदीवर गळ टाकून बसतो. मासा लागला नाही तरी पेपरात येत नाही.

तुझा,
एलादिओ

ता.क. राजीनाम्याचं विसर. अध्यक्षांनी मुदतवाढीचा कागद पुढे केला, मी सही केली. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

ता.क. खरं काम वेगळंच आहे. तुझ्या अनिबालला मी पुढच्या सामन्यातून वगळलंय. रविवारी पेनल्टी आभाळात मारली म्हणून नाही, पेपरवाले 'मामाचा लाडका' म्हणतात म्हणूनही नाही. पोराचे पाय खरंच दमलेत. सांगायला त्याच्या खोलीवर गेलो, तर त्यानंच खुर्ची दिली. "मामा, बसा. चेहरा बघा तुमचा," म्हणाला. बसलो, आणि "घरी जाऊन आईला भेटून ये" एवढंच बोलून परत आलो. उद्याच्या बसनं तो येतोय. वगळल्याचं तूच सांग, पण जेवण झाल्यावर. (हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नाही.)

ता.क. ती पेनल्टी मारायला मी त्याला पाठवलं नव्हतं. बाकीचे सगळे खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते. तो एकटा पुढे गेला. हेही त्याला सांग. मामा म्हणाला असं नको, तुला टीव्हीवर दिसलं म्हणून सांग.