चर्चमधल्या लग्नाची लेखी परीक्षा

२ मार्च
परदेशात लग्न, तेही कॅथलिक चर्चमध्ये. लोक उगाच बाऊ करतात. ती कॅथलिक, मी नाही, एवढाच काय तो फरक. सगळं प्लॅनिंग माझ्याकडे घेतलं. तिने विचारलं, नक्की जमेल ना? म्हटलं, एक्सेल शीट तयार आहे. (शीट उद्या करायची.)

५ मार्च
फादरांना भेटलो. बिशपची परवानगी लागते, तीन रविवार चर्चमध्ये नावं जाहीर करतात, आणि त्याआधी लेखी परीक्षा. दीडशे प्रश्न! दोघांनी वेगवेगळं सोडवायचं. सहमत, असहमत किंवा माहीत नाही. फादर म्हणाले, ही परीक्षा नव्हे, एकमेकांना ओळखायचं निमित्त. सगळे सर असंच म्हणतात.
यात घोळ झाला तर लग्नाची ९ मे गेली, पुढची तारीख थेट डिसेंबरात. आईचं तिकीट काढून झालंय.

६ मार्च
मामाला फोन. तो म्हणाला, गेल्या वर्षीचे पेपर मिळतात का बघ. चर्चच्या ऑफिसातल्या बाईंना विचारलं. त्या नुसत्याच बघत राहिल्या. म्हणजे मिळत नाहीत.

११ मार्च
अभ्यास नाही. शीटला रंग दिले. छान दिसतेय.

१४ मार्च, दुपारी २
पेपर झाला! फादरांनी पेन्सिली आणि खोडरबर देऊन दोन टोकांना बसवलं आणि निघून गेले. तिचं आधी झालं. ऑफिसचा फोन आला म्हणून स्वतःचा कागद माझ्याकडे देऊन ती बाहेर गेली. माझे तेव्हा नऊ प्रश्न झाले होते.
नवरा-बायकोत मतभेद बरे नव्हेत. ते नऊही खोडले आणि तिचंच सगळं उतरवलं. 'होणाऱ्या सासूची मला भीती वाटते' यालाही सहमत. (आईची भीती? आई तर गरीब गाय आहे.)
फक्त प्रश्न ५७, 'जोडीदार आपली चूक कबूल करतो.' तिने असहमत लिहिलेलं. घाईत झालं असणार. तिच्या कागदावर खोडून सहमत केलं. मदतच ती.

१९ मार्च
फादरांचा फोन. आमची उत्तरं शंभर टक्के जुळली! चाळीस वर्षांत असं जोडपं पाहिलं नाही म्हणाले. आईला लगेच कळवलं. जन्मात पहिल्यांदा पैकीच्या पैकी. फादरांनी परवा बोलावलंय. बहुधा सत्कार.

२१ मार्च
सत्कार नाही.
प्रश्न ३, 'माझा बाप्तिस्मा झाला आहे.' मी सहमत. फादरांनी शांतपणे विचारलं, कधी?
मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिने ५७ वरचा खोडल्याचा डाग बघितला. मला वाटलं ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "दीडशे उत्तरांत तुझं स्वतःचं असं एकच आहे. आणि तेही माझ्या कागदावर."
अंगठी काढते की काय, म्हणून मी तिच्या बोटांकडेच बघत होतो. तिने पेन्सिल उचलली, ५७ पुन्हा असहमत केला आणि फादरांना म्हणाली, डिसेंबर चालेल.
म्हणजे लग्न आहे. रडू आलं, खरंच. फेरपरीक्षा वेगवेगळ्या खोल्यांत. आईच्या तिकिटाचं मामा बघतोय.
ठरलं. यापुढे चूक झाली की सरळ कबूल करायची. ही पहिली, चूक माझीच.
तसं बघायला गेलं तर खोडरबर फादरांनीच दिला होता.