चिखल्यात पांढरी गाडी

चिखला, रविवार, संध्याकाळ

आज जुन्या गाडीच्या बॉनेटवर पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारला. आयुष्यात पहिल्यांदाच स्प्रे गन धरली. दोन ठिकाणी ओघळ आले, पण पांढरा खुलला! तेवढ्यात शेजारचा वामन आला. खाणीत सोबतच होतो, रिटायरही सोबतच झालो. म्हणतो, "चिखल्यात पांढरा कायले देऊन राहिला गा? मँगनीजची धूळ आठ दिवसांत काळी करते." आणि धूळ दाखवायला ओल्या रंगावर सरळ बोट फिरवलं.

चांगली वीतभर रेघ. खालचा प्रायमर उघडा पडला. जेवतानाही तीच रेघ डोळ्यांसमोर.

बायको म्हणे, "काळाच द्या ना, मळ दिसत नाही." तेच तर नको मले! मी हट्टी आहे का? असेन.

उद्या ती रेघ पॉलिश पेपरनं घासतो आणि वर पुन्हा पांढराच मारतो. खाणीतून रोज काळा होऊन घरी आलो, रोज घासून आंघोळ केली. वामननंही केली. उद्या पुन्हा काळाच होशील, आंघोळ कायले करतं, असं तेव्हा काहून नाही म्हटलं त्यानं?