माझ्या तीन सुरांची चाल

प्रिय एझ्रामामा,

शालोम. काल इस्राएलहून फोन आला, आणि हसावं की भांडावं तेच कळेना. मामी म्हणाली, "मला नको सांगूस, ज्यांची चाल त्यांनाच कळव." म्हणून हे पत्र.

फ्लोराच्या आतेभावाच्या मुलाचं लग्न होतं, अश्दोदला. त्यांनी मोबाइल मांडवापाशी धरला. इकडे द्वारका चौकात ट्रकांचे हॉर्न, म्हणून मी दुसऱ्या कानात बोट घालून दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. नवरी आत आली आणि आपल्या रीतीप्रमाणे नवरदेव तिच्यासाठी गायला लागला. मामा, तुमची चाल! तुम्ही माझ्या लग्नासाठी केलेली! अख्खं वऱ्हाड मागून म्हणत होतं.

मग आतेभाऊ फोनवर आले. ते आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीच तिकडे गेलेले. म्हणाले, "ऐकलंत ना बेन्नीभाऊ? आपल्या पूर्वजांचं जहाज कोकणात फुटलं, तेव्हापासूनची चाल आहे. दोन हजार वर्षांची."

मी म्हटलं, "अहो, ही आमच्या एझ्रामामांनी देवळाली कॅम्पात केलीय."

"काहीतरीच काय," म्हणाले आणि हसत सुटले.

दोन हजार वर्षं म्हणे! तुम्हाला आठवतंय ना ती कशी झाली? लग्न तोंडावर आलेलं आणि मी रोज संध्याकाळी बसनं कॅम्पात येऊन तुमच्या पेटीसमोर बसायचो. तुम्ही आधी केलेली चाल किती देखणी होती, वळणावळणांची. मी ती म्हणायला लागलो की मामी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. तुम्ही म्हणायचात, "बेन्नी, सा लाव म्हटलं, बोंब मार नाही म्हटलं."

आणि तिकडे फ्लोरानं बजावलं होतं, "तू गायला नाहीस तर मी दारातच उभी राहीन, आत येणार नाही." आणि ती खरंच उभी राहिली असती. अजूनही राहील.

शेवटी मामीच तुमच्यावर उखडली. "पोराचा गळा काय लग्नापर्यंत बदलणार आहे का? चाल बदला की." तुम्ही दोन दिवस पेटीला हात लावला नाहीत. मग एका दुपारी माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानात येऊन स्टुलावर बसलात. मी आपला रस्त्यापलीकडच्या मेकॅनिकला हाका मारतोय, "ओ गणपतराव, बेअरिंग घेऊन याऽऽ!" तुम्ही एकदम उठलात. "परत ओरड," म्हणालात. मी ओरडलो. "परत." गिऱ्हाईक बघत राहिलं.

"तीन सूर आहेत तुझ्याकडे," तुम्ही म्हणालात, "आणि ते पक्के आहेत." त्या तीन सुरांत तुम्ही अख्खं हिब्रू गीत बसवलंत. मी ते म्हटलं, फ्लोरा आत आली आणि रडलीसुद्धा. ती सुरांमुळे रडली की माझ्यामुळे, हे तिनं आजवर सांगितलेलं नाही.

पण तुम्हाला ती चाल कधी आवडलीच नाही. "ही चाल नाही रे, कुबडी आहे," म्हणायचात. पुढे पुण्याचे, ठाण्याचे नवरदेव तुमच्याकडे यायचे आणि "बेन्नीची चाल शिकवा" म्हणायचे, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एवढं का लागायचं तुम्हाला? पन्नास गळ्यांना सोसेल अशी चाल करणं काय सोपं असतं?

तुम्ही होतात तोवर हे तुम्हाला समोरासमोर म्हणायचं राहून गेलं, मामा. तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनांच्या चाली खऱ्या मोठ्या होत्या, मला कळायचं. पण घरं एकेक करून इस्राएलला गेली, तुमच्या बाहेरच्या खोलीत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनात, आणि त्या चाली म्हणायला कुणी राहिलं नाही. मी होतो, पण माझ्या गळ्यात त्या टिकल्या नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. टिकली ती एकटी कुबडी. इथे तिला माझं नाव, तिथे पूर्वजांचं. तुमचं कुठेच नाही.

ते मी चालू देणार नाही. हनुक्काच्या सणाला आम्ही दोघं अश्दोदला जातोय, आतेभावाच्या धाकट्याच्या लग्नाला. फ्लोरा आत्तापासून हात जोडतेय, "तिथे तरी गाऊ नकोस." पण मी ठरवलंय. सगळं वऱ्हाड बसलं की उठणार आणि आधी तुमची ती वळणावळणांची चाल म्हणणार, येईल तशी. खोल्यांची दारं लागतील, पोरं हसतील, हसू देत. मग तीन सुरांची म्हणेन. माझा गळा ऐकल्यावर ती कुणाला आणि का करावी लागली, हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मग तुमचं नाव तेवढं सांगेन, आडनावासकट, मोठ्यांदा. ओरडणं तर मला जमतंच.

तुमचा बेसूर भाचा,
बेन्नी