ओसरीवरचे शिशाचे पत्रे

कॅलरबर्न हॉल, नॉर्थंबरलंड
२३ नोव्हेंबर १९५२

प्रिय कथबर्ट,

तुझं सप्टेंबरचं पत्र मिळालं. तिकडे कॅनडात बर्फ लवकर पडतो म्हणतोस, तर छातीला जप. मिसेस डॉड्सनी तुझ्यासाठी लोकरीचा जाड स्वेटर विणलाय, नाताळच्या पार्सलात घालीन. त्या होत्या तशाच आहेत. चहा मांडताना अजून कधीतरी तुझा कप काढतात आणि मग स्वतःवरच करवादतात. मेंढ्या बऱ्या आहेत. माझा खोकला गेला.

बाबांचं पुढे लिहिते. आधी घराचं.

दर्शनी ओसरी आता नाही. सहाही खांब उतरवले, वरचा त्रिकोणी माथाही. एवढी ओळ लिहायला मी सकाळपासून कागद फाडते आहे.

उन्हाळ्याच्या शेवटापासून पायऱ्यांवर पिवळसर भुकटी पडायला लागली होती. झाडून काढली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग खांबांचे पापुद्रे सुटू लागले आणि ऑक्टोबरात माथ्याला आरपार तडा गेला. न्यूकॅसलहून ऑलिफंट नावाचे वास्तुतज्ज्ञ आले. ते म्हणाले, "दगड उत्तम आहे, तुमच्याच टेकडीचा. पण दगडाला दगड धरून राहावा म्हणून आत लोखंडी आकडे आहेत. वरून पाणी शिरलं, आकडे गंजून फुगले आणि दगड आतून फुटतोय. ओसरी उतरवा, घर वाचेल. नाहीतर ती पडताना दर्शनी भिंत घेऊन पडेल."

बाबा म्हणाले, "माझ्या आजोबांपासून कधी पाणी शिरलं नाही. आत्ताच कुठून शिरलं?"

आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिडी लावून वर चढले. या वयात! मी खाली शिडी धरून उभी. ओसरीच्या छपरावर ते किती वेळ होते कोण जाणे. उतरले तेव्हा बोटांना डांबर लागलं होतं.

"अर्सुला, पाणी अडवणारं छपरावरचं शिसं कुठे गेलं?"

"लष्करवाल्यांनी काढलं असेल, बाबा. लढाईत ते इथेच तर होते."

"लष्करवाले शिशाचे पत्रे नेतील आणि त्या जागी डांबरी कागद नीट खिळे मारून बसवतील? चोर झाकायला थांबत नाही. हे घरच्या माणसाचं काम आहे."

मला तो दिवस आठवला. आई शेवटच्या आजारात एडिनबराच्या इस्पितळात, बाबा तिच्या उशाशी, आणि मागच्या अंगणात तो ट्रक. "पुढच्या वर्षी नवं शिसं घालतो ताई, बाबांना कळायच्या आत," असं म्हणाला होतास. उकरून काढायला हे लिहीत नाही. पुढचं तुला समजावं म्हणून लिहिते.

बाबांनी वेताची खुर्ची ओढली आणि मधल्या दोन खांबांमध्ये, बरोबर तड्याखाली, जाऊन बसले. पावसात. लाकडी टेकू लावायला आलेल्या माणसांना परत पाठवलं. "ज्याने हे केलं तो मला सांगेल, तेव्हा उठेन." तुझं नाव घेतलं नाही, पण दिवसभर फाटकाकडे बघत बसायचे. रोज उजाडलं की पुन्हा तिथेच.

मिसेस डॉड्स ओरडल्या, "साहेब, इथे बसून मेलात तर तुमचं मढं आवरायला मी येणार नाही, सांगून ठेवते!"

"अर्सुला आहे की."

"ती कसली आवरते? तीही तुमच्यासारखीच हट्टी. बसेल शेजारी जाऊन!"

आणि खरंच मी जाऊन बसले. दुसरं काय करणार होते? पावाएवढा दगडाचा एक तुकडा आमच्या दोघांच्या मध्ये पायरीवर आपटून फुटला. मी किंचाळले. बाबांनी फक्त कोटावरची भुकटी झटकली. लहानपणी ते आपल्याला या खांबांना मिठी मारायला लावायचे, आठवतं? "मधे जरा फुगीर ठेवलेत, म्हणून लांबून सरळ दिसतात." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या खांबांची भीती वाटली.

मी तुला तारेवर तार केली. उत्तर आलं नाही. का आलं नाही, ते आता विचारत नाही.

मग थंडी कडक झाली. ऑलिफंट येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत मुरलेलं पाणी आता गोठेल. त्यानंतर ओसरी कुणासाठी थांबणार नाही." मी दिवाणखान्यात गेले. फोनजवळ नुसती उभी राहिले. मग बाहेर येऊन म्हटलं, "बाबा, कॅनडाहून फोन होता. कथबर्टचा."

त्यांनी वर पाहिलं नाही. "काय म्हणाला?"

"म्हणाला, शिसं मी विकलं. बोटीच्या तिकिटासाठी. नवं घालणार होतो, जमलं नाही. लाज वाटली, म्हणून पत्रात हे कधी लिहिलं नाही."

"त्याचेच शब्द?"

"हो."

"रडला?"

तोपर्यंत माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. "हो बाबा. खूप."

ते खुर्चीचे हात धरून उठले. "गाढव लेकाचा! पत्र्यांपायी रडतोय. चल आत, तूही गारठलीस."

दुसऱ्या दिवशी माणसं आली. माथा उतरला, मग एकेक खांब तुकड्यातुकड्याने खाली आला. दगडांवर खुणा करून ते हिरवळीवर मांडून ठेवलेत. ऑलिफंट म्हणतात, कधीकाळी पुन्हा उभे करता येतील. ते म्हणतानासुद्धा दुसरीकडे बघतात. घर वाचलं आहे. खांबांनी झाकलेली भिंत तेवढी कोवळ्या कातडीसारखी फिकट दिसते.

शेवटचा खांब उतरताना बाबा खिडकीशी उभे होते. तिथेच कोसळले. उजवं अंग गेलं आहे, कथबर्ट. वाचाही जवळजवळ गेली. तुझं नाव घेतात, आणि "खोली" म्हणतात. म्हणून मिसेस डॉड्सनी तुझी खोली उघडली आहे, शेकोटी रोज पेटवतात. बाबा वसंत बघणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

ये. विमानाने ये, जसं जमेल तसं ये. त्यांना वाटतं तू सगळं कबूल केलं आहेस, आणि त्यांनी माफही केलं आहे. आल्यावर तुला काही सांगावं लागणार नाही. फक्त नाकारू नकोस. ते फोनबद्दल काही विचारू लागले, तर त्यांचा डावा हात धर. आणि यायचंच नसेल, तर निदान मला खोटं पाडणारी एकही ओळ लिहू नकोस. तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. न वाचता एखादी ओळ गाळली, तर त्यांना अजूनही कळतं.

तुझी, आणि तुझ्या वाटचं एकदा रडलेली,
अर्सुला