चष्मा घरी राहिला

बाबा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजूनही लोकांना चष्मा घरी राहिला असंच सांगतो. केनवडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार हातात आली की आत काय झालं असेल ते मला न उघडता कळतं. पण बँकेत कुणी फॉर्म पुढे केला की मी खिसा चाचपतो आणि शेजारच्याला म्हणतो, "भाऊ, भरून देता काय, चष्मा घरी राह्यला." मला चष्मा लागलेलाच नाही. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते, एवढंच. हे मी तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहितोय. चार दिवस झाले, अजून पहिलंच पान आहे.

तुम्हाला मात्र ठाऊक होतं. त्या श्रावणात तुमचा घसा बसला आणि मारुतीच्या देवळात तुम्ही पोथी माझ्यापुढे ठेवलीत. मी सातवीत होतो. दरवर्षी तुमच्या शेजारी बसून ऐकलेला अध्याय, चालीसकट पाठ. मी बोट फिरवत म्हणत गेलो, समोर माना डोलत होत्या, आणि त्या नादात पोथीची सुटी पानं उलटायचं भानच राहिलं नाही. अध्याय संपला तेव्हा तीन पानं तशीच उरली होती. तुम्ही हात लांबवून ती एकेक करून उलटलीत, पोथी फडक्यात बांधलीत आणि बसल्या आवाजात म्हणालात, "चला, आरती करा." घरी येताना एवढंच बोललात, "डोयानं वाचत जाय ना बापू. कानानं कायले वाचतं?" मारलं असतंत तर बरं झालं असतं. पोथी पुन्हा तुम्ही माझ्या हाती दिली नाहीत आणि मीही कधी मागितली नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या नातीच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. ती सहावीत आहे. बाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पण वाचताना अडकते. याले डिस्लेक्सिया म्हणतात, आळस नाही हा. घरात अजून कोणाले आहे काय? असंन तं तिले सांगा. तिले वाटते, आपण एकटीच अशी." मी म्हणालो, "नाही जी. आमच्या घरात तं पोथी वाचणारे होते." तुमच्या आड लपलो, बाबा. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण घरी येऊन पोरीला म्हणालो, "ध्यान नाही तुह्यं, दुसरं काई नाही." लिहितानाही लाज वाटते.

ती रडली नाही. पुस्तक घेऊन आली. "मंग तुमी वाचून दाखवा एक ओळ." माझा हात सवयीने खिशाकडे गेला. चष्मा नाही म्हणेपर्यंत ती आत पळाली आणि पोथीच्या फडक्यात ठेवलेला तुमचा चष्मा घेऊन आली. फ्रॉकने काचा पुसून तिने तो माझ्या नाकावर चढवला. तुमच्या जाड काचांतून पान नुसतं धुरकट दिसलं. पोरगी वाट पाहत उभी होती, आणि मला, बाबा, हायसं वाटलं.