क्रमांक तीन

मंगळवार, २ जून

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशीलच. तुझ्या आईच्या फोनवरच्या हसण्यावरून ते मला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कळतं. बाबांचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मी जन्मात पत्रं लिहिली ती गिऱ्हाइकांना, ‘माल तयार आहे, माणूस पाठवा’ एवढीच. सूर तसा लागला तर चालवून घे.

कारखान्यात नवीन वाइंडिंग मशीन आलं. उंच्या फोरमन त्याला कुणाला हात लावू देत नाही, सकाळी येऊन स्वतः पुसतो. परवा एक ट्रान्सफॉर्मर चाचणीला लावला होता, मी दारातूनच म्हटलं, “याचे शेवटचे वेढे सैल आहेत.” उघडला तर तसंच. उंच्या म्हणाला, “साहेब, कानांचा विमा उतरवा.” तू लोकांचे कान तपासतेस म्हणून हे मुद्दाम तुझ्या कानावर घातलं. रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत तारा गुंडाळणारा मी इथवर आलो तो या कानांच्या जोरावर, हे मी जेवताना इतक्यांदा सांगितलंय की तुझी आई हल्ली तेवढ्यात भांडी आवरून घेते.

तर हॅम रेडिओची स्पर्धा. गच्चीवरच्या खोलीत शनिवार-रविवार मुक्काम ठोकायच्या आधी तुझ्या आईने यंदा पहिल्यांदाच विचारलं, “दोन दिवस सगळ्या जगाशी कट्ट-कडकट्ट करता, म्हणजे नक्की बोलता काय?”

मी सांगितलं. मोर्समध्ये आपलं कॉलसाइन, म्हणजे आपल्या स्टेशनची खूण, मग पाच-नऊ-नऊ, मग आपला क्रमांक, म्हणजे या स्पर्धेतला हा आपला कितवा संपर्क तो आकडा. समोरचाही तेवढंच देतो. झालं, पुढचा.

“पाच-नऊ-नऊ म्हणजे?”

“तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय.”

“सगळ्यांचा येतो?”

“छे, निम्म्यांचा भिंतीपलीकडे डास असावा तसा येतो. पण सगळे सगळ्यांना पाच-नऊ-नऊच देतात. पद्धत आहे.”

“म्हणजे तुमचं आणि लेकीचं फोनवरचं,” ती म्हणाली. “बरी आहेस? हो. जेवलीस? हो. आईला देतो.”

मी चहा प्यायलो.

“आणि एकाच माणसाशी पुन्हा बोलावंसं वाटलं तर?”

“बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, बदलून बोलता येतं. पण त्याच बँडवर दुसऱ्यांदा बोललं तर गुण शून्य.”

“गुण नाहीत तर बोलत नाही कुणी?”

“गुण नाहीत तर बोलेल कोण?”

“बरं,” म्हणाली, आणि कप उचलून गेली. तिचं ‘बरं’ तुला माहीत आहे.

शनिवारी दुपारी पंधरा मीटरच्या बँडवर बसलो होतो. माझी रीत तुला ठाऊक आहे, मी शोधत फिरत नाही. एक जागा धरून हाक मारत राहतो, जगाने माझ्याकडे यावं. आले, रांगा लावून आले. त्या कल्लोळात तू आलीस. तुझं तिकडचं कॉलसाइन तुझ्या आईने केव्हाच सांगून ठेवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. बाकी जग कॉम्प्युटरकडून ठोकून घेतं, तू अजून हाताने पाठवतेस, आणि शेवटचा ‘डा’, मोर्सची रेघ, जरासा लांबवतेस, दार आवाज न करता ओढून घ्यावं तसा. तू पाठवलंस: पाच-नऊ-नऊ, एक.

म्हटलं, बाईसाहेब आत्ताच बसल्या वाटतं. मीही पाच-नऊ-नऊ दिला, माझा नंबर दिला, आणि पुढच्याला घेतलं. तीन सेकंदांत तू आलीस आणि गेलीस. मग मात्र दोन-तीन लोकांची कॉलसाइन मला पुन्हा विचारावी लागली. असं माझं होत नाही.

संध्याकाळी वीस मीटरवर पुन्हा आलीस. पाच-नऊ-नऊ, दोन. मनात म्हटलं, आळशी झाली पोरगी, नोकरीने हात जड केला. इथे माझ्याशी पैज लावून रांगच्या रांग उडवायची, आणि आता सबंध दुपारभरात एकच संपर्क. तुझ्या आईलाही हसून सांगितलं. ती हसली नाही.

रविवारी दुपारी मी परत पंधरा मीटरवर. आकडा असा चढत होता की मदतीला आलेला उंच्या जिन्यावर उभा राहून ऐकत होता. आणि तू आलीस. कॉम्प्युटरने तुझं कॉलसाइन लाल करून दाखवलं: हे स्टेशन या बँडवर होऊन गेलंय. दमलेला माणूस अशी चूक करतो, त्याच स्टेशनला विसरून पुन्हा हाक मारतो. त्याला उत्तर द्यायला एक बटण ठेवलेलं असतं. ‘आधी झालंय’, बस, एवढंच पाठवतं ते. माझं बोट त्या बटणावर आपसूक पडलं.

तू थांबली नाहीस. माझं पाठवून होताच, सावकाश, हाताने: पाच-नऊ-नऊ, तीन. लांबवलेला ‘डा’. आणि गेलीस.

मी पुढच्याला घेतलं, त्याच्या पुढच्यालाही. मग ते ‘तीन’ माझ्या डोक्यात उतरलं. शनिवारी एक, मी. संध्याकाळी दोन, मी. आणि रविवारी तीन. टिटवे, सगळं जग हाका मारत असताना दोन दिवसांत तू माझ्याखेरीज कुणाशीच बोलली नव्हतीस. ती चूक नव्हती, आणि गुणांसाठी तर नव्हतीच. आणि मी तुला बटण दाबून उत्तर दिलं.

जागा सोडली मी. पंधरा मीटरचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, मग वीस, मग परत पंधरा. जुन्या जागी तोवर कुणीतरी मांड ठोकली होती. लोक मला हाका मारायचे, मी पुढे जायचो. उंच्याला वाटलं मशीन बिघडलं, तो पाना घेऊन गच्चीवर अँटेना बघायला गेला. तुझी आई चहा घेऊन वर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली.

“काय हरवलंय?”

“काही नाही.”

“मग सापडलं की सांगा,” म्हणाली, आणि चहा ठेवून माझ्या मागच्या स्टुलावर बसली. तुझ्या स्टुलावर. तिथे तू गेल्यापासून मी बॅटऱ्या ठेवतो, त्या तिने उचलून खाली ठेवल्या.

तू सापडली नाहीस. यंदाचा आकडा सांगण्यासारखा नाही.

त्या स्टुलावरून आठवलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं. आठवायला मी विसरलोय कुठे. तू जायच्या आधीच्या स्पर्धेत तिथेच बसून तू विचारलंस, “बाबा, तिकडच्या हॉस्पिटलने बोलावलंय. जाऊ का?” मी तळहात वर केला. थांब. मला एक बेट, म्हणजे दूरच्या बेटावरचं स्टेशन, ऐकू येत होतं, फार बारीक. तू थांबलीस, मग खाली गेलीस, आणि रात्री जेवताना तुझी आई म्हणाली, “तिने होकार कळवला.” मी ताटावरून उठलो. “मला विचारलंसुद्धा नाही,” म्हणालो. तू म्हणालीस, “विचारलं होतं.” मी म्हणालो, “हेडफोन होते माझ्या कानावर.”

एकाच कानावर होते. दुसरा मी नेहमी उघडा ठेवतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. बेट तर तळहात वर करायच्या आधीच निघून गेलं होतं. मी नुसत्या खरखरीला कान लावून बसलो होतो, कारण तोंड उघडलं असतं तर ‘नको जाऊस’ आलं असतं, आणि तू राहिली असतीस. मग आयुष्यभर माझ्या कारखान्यात वेढे मोजले असतेस. ते मला नको होतं. तू जायलाही नको होतीस. हे दोन्ही एका वाक्यात कसं बोलतात ते मला अजून येत नाही, पण तू विचारलं होतंस, म्हणून उत्तर.

ते ‘आधी झालंय’चं बटण मी काल पुसून टाकलं. उंच्या म्हणाला, “साहेब, मग कुणी दुसऱ्यांदा आलं तर काय पाठवायचं?” म्हटलं, “पुन्हा सगळं पाठवायचं.”

आता कामाचं. पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून रविवार, २१ जून, आपल्याकडचे सकाळचे दहा, पंधरा मीटर. स्पर्धा नाही, आकडे नाहीत. यावेळी तू कुठेही एक जागा धरून बस, हाक मारू नकोस. मी जागोजागी हाक मारत, शोधत येईन. नाही बसलीस तरी मी फिरत राहीन, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. तुझी आई म्हणते, स्टूल रिकामं ठेवा, मी पण येते ऐकायला. तिला एक अक्षर कळत नाही. पण तुझा तो शेवटचा ‘डा’ मी तिला टेबलावर बोटाने वाजवून दाखवलाय.

पद्धत मोडून रिपोर्ट खरा देतो. तुझा आवाज फार क्षीण येतो, मधूनमधून बुडतो. पण ऐकला.

क्रमांक एक.

तुझा,
बाबा